हळदीचा हात

पाली, २४ जून २०२४

संगीताताईंना वनमालाचा नमस्कार.

फोनच करणार होते, पण तुम्हीच सांगितलंत की माहेरचा फोन आला की सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला सांगतात. आपली विद्या अशी चारचौघांत कशाला वाटायची? म्हणून हे पत्र पिशव्यांच्या वरच्या क्रेटमध्ये ठेवलंय. बिभीषणभाऊंचा टेम्पो दर आठवड्याला बीडहून परळीला जातो, ते सिरसाळ्यात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवून देतील. उत्तरही त्यांच्याच हाती द्या. माणूस भोळा आहे, दुसऱ्याचं पत्र उघडायचं त्याच्या डोक्यातसुद्धा येत नाही.

तुम्ही मशरूमचं शिकवा म्हणालात तेव्हा मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. पूर्वी याच मशरूमला तुम्ही भुईछत्र्या म्हणून नाक मुरडलं होतंत. असो. गव्हाचं काड भिजवून, उकळून, त्यात बी घालून मी पिशव्या भरूनच दिल्यात. अवघड काम झालेलं आहे. तुम्ही फक्त बैलांच्या रिकाम्या गोठ्यात त्या टांगायच्या, दारंखिडक्यांना ओलं पोतं लावायचं आणि जमीन ओली ठेवायची. आतलं काड दुधासारखं पांढरं झालं की प्लास्टिक कापून काढा. मग तो पांढरा गठ्ठा तसाच दोरीला टांगलेला राहतो आणि त्याच्या अंगातून मशरूम फुटतात. बघत राहावंसं वाटतं.

एखाद्या पिशवीत हिरवट डाग दिसला तर जीव वरखाली करू नका. चुन्याची निवळी लावा, जातो. सगळ्यांकडेच येतो.

तुमचे अंगददादा म्हणाले, बहिणीकडून कशाचे पैसे घ्यायचे. मीही तेच म्हटलं. लेकीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, तशी ही तुमची ओटी भरली असं समजा.

तुमची वहिनी,
वनमाला


सिरसाळा, १७ जुलै २०२४

वहिनी, नमस्कार.

मशरूम आले! काल सकाळी पोतं बाजूला केलं आणि गठ्ठ्यांच्या अंगावर बोटाएवढे कोंब. आमची संस्कृती शाळेत जाता जाता थांबली, हात लावू का म्हणून विचारत होती. मी लावू दिला नाही. आज त्यांचे पंखे झालेत. पहिली भाजी घरातच केली. सासूबाईंनी वास घेऊन ताट सरकवलं, पण नंतर आत गेले तर त्या पातेल्यातलं निपटून खात होत्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तुम्हाला माहीतच आहे, पण तरी लिहिते, कारण लिहिलं की मलाच धीर येतो. दरसाल दिवाळीनंतर हे आणि मी मुकादमाच्या गाडीत बसून ऊस तोडायला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मी नाही गेले तर यांचा अर्धाच कोयता धरतात, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. संस्कृतीला मागे ठेवून घ्यायला सासूबाई तयार नसतात, आणि बरोबर न्यावं तर तिची शाळा अर्ध्यात सुटते. मागच्या साली तिला वर्गात पुन्हा पहिल्यापासून बसवायची पाळी आली होती. आता ती आठवीत आहे. हे म्हणाले, तुझं मशरूम चाललं तर मी इथेच आडतीवर पोती उचलीन, कुणीच जायला नको. सासूबाईंनी मात्र यांच्यादेखत मला बजावलं, "दिवाळीपस्तोर तुजं काय ते दाखीव. न्हाई जमलं तर कोयता उचलायचा, मंग कावून म्हनून इचारायचं न्हाई."

तर वहिनी, तुमच्या पिशव्यांवर आमचं घर टांगलंय, असं समजा.

काही ठिकाणी हिरवट डाग आले होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चुना लावला. गेले.

तुमची,
संगीता


पाली, ३० जुलै २०२४

संगीताताई,

तुमचं पत्र मी तुमच्या आईंना वाचून दाखवलं. ताट सरकवून नंतर पातेलं निपटल्याचं ऐकून आपल्या साखराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. विहिणीची फजिती ऐकायला कुणाला आवडत नाही!

आमच्याकडची बातमी मोठी आहे. तुमच्या दादांनी गोठ्यामागे पत्र्याची नवी खोली उभी केली. आतून शेडनेट, खाली वाळू, दारात चुन्याच्या पाण्याचं घमेलं आणि हात धुवायला साबणाची बादली. हायवेवरच्या दोन ढाब्यांनी आणि बीडच्या एका हॉटेलाने माल धरायचं कबूल केलंय. गल्लीतल्या ज्या बायका मला 'भूछत्रीवाली' म्हणत होत्या त्या आता विचारायला येतात, आमच्याकडे पण जमेल का. मी म्हणते, बघू.

खरं काम पुढे आहे. नागपंचमीला तुम्ही येणारच. नव्या खोलीतले गठ्ठे तेव्हा नुकतेच प्लास्टिकमधून काढलेले असतील, पांढरे शुभ्र. आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगायची? नवा बैल असो नाहीतर विहिरीवरची मोटर, लेकीने हळदीचा हात उमटवल्याशिवाय ती वस्तू कामाला लागत नाही. दादांचा हट्ट आहे की प्रत्येक गठ्ठ्यावर तुमचा हात उमटला पाहिजे. मशरूमच्या ट्रेनिंगला सरांनी सांगितलं होतं, बाहेरच्या माणसाला खोलीत घ्यायचं नाही. पण लेक काय बाहेरची असते?

येताना संस्कृतीला आणा. तिच्यासाठी झोका बांधून ठेवते.

वनमाला


सिरसाळा, ४ ऑगस्ट २०२४

वहिनी,

पंचमीला येते. पण हळदीच्या हाताचं तेवढं राहू द्या. तो मान आईला द्या, नाहीतर तुम्हीच लावा. खोली तुमची, कष्ट तुमचे. माझा कशाला?

इकडे ठीक आहे.

संगीता


पाली, २६ ऑगस्ट २०२४

संगीताताई,

तुमच्या त्या चार ओळींच्या पत्राला मी रुसवा समजले होते. म्हटलं, नवी खोली बघून नणंदबाईंच्या पोटात दुखलं असेल. म्हणून तुम्ही आल्यावर मी जास्तच आग्रह केला. आज वाटतं, तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं.

ऐका आता काय झालं ते. पंचमीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी हळद वाळून गळून पडली आणि तिच्या खालून कापसासारखं पांढरं वर आलं. मी खूश झाले, म्हटलं लेकीचा हात लागला, जोर आला. दोन दिवसांनी त्या पांढऱ्याचं हिरवं झालं. पण कुठेही नाही, ताई. बरोबर जिथे तुमचा हात उमटला होता तिथे. तळवा आणि पाच बोटं. दार उघडलं की खोलीभर टांगलेल्या गठ्ठ्यांवर हिरवे पंजे. पुढे बोटांतून ते हिरवं सगळीकडे पसरलं. मशरूमचा एक कोंब वर आला नाही. ओल्या काडाला असा कुबट वास सुटला की खोलीत उभं राहवेना.

सगळं खड्डा करून पुरलं. ढाबेवाल्यांनी आता दुसरीकडून माल धरलाय. हॉटेलवाला फोन उचलत नाही. गल्लीतल्या बायका येतात, तोंडाने हळहळतात आणि वळल्या की हसतात.

मला एक सांगा. हिरवी बुरशी म्हणजे काय असते हे कुणालाही पहिल्या दिवशी शिकवतात. एक ठिपका दिसला तरी ती पिशवी उचलायची, लांब नेऊन पुरायची, हात-कपडे सगळं धुवायचं, मगच दुसऱ्या पिशवीजवळ जायचं. हवेतून जाते ती, नखातून जाते, पदरातून जाते. चुन्या-बिन्याने ती थांबत नाही. तुमच्या खोलीत हिरवी होती का? होती तर तुम्ही आमच्या खोलीत पाऊल कसं टाकलंत? मी दारात साबणाची बादली ठेवली होती. तुमच्या दादांनी ती पायाने बाजूला सारली. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "माज्या भैनीला दारात हात धुवाया लावतीस व्हय? ती काय इटाळाची हाय का?" मी गप्प बसले, कारण माहेरवाशिणीला असं करत नाहीत हे मलाही कळतं. पण तुम्हाला तर बादली दिसत होती ना. तुम्ही स्वतःहून हात बुडवले असते तर कुणी तुम्हाला अडवलं होतं का?

दादांना मी यातलं काही बोललेले नाही. ते म्हणतात हळदच भेसळीची निघाली. बीडला जाऊन त्या दुकानदाराशी भांडून आले, "हळद इकतो का माती इकतो बे" म्हणून.

मला खरं उत्तर पाहिजे. गोल गोल नको.

वनमाला


सिरसाळा, १२ सप्टेंबर २०२४

वहिनी,

खरं उत्तर मागितलंत, देते.

माझ्या गोठ्यात हिरवी होती. चुन्याने गेली असं मी लिहिलं ते खोटं होतं. मशरूमची पहिली तोड झाली आणि नंतर एकेक गठ्ठा हिरवा पडत गेला. तुम्ही सांगितलं होतंत चुना लावा, मी लावत होते. एका गठ्ठ्याला लावायचं आणि त्याच फडक्याने दुसऱ्याला. पंचमीच्या आदल्या दिवशी उरलेलं सगळं उकिरड्यावर टाकून पेटवलं. काड ओलं होतं, धड पेटेचना. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या.

माहेरी सांगायची लाज वाटली. तुमचं चाललंय आणि माझं बुडालं, हे दादांसमोर कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून त्या चार ओळी लिहिल्या. मला तुमच्या खोलीत यायचंच नव्हतं. येताना बसमध्ये ठरवलं होतं की वहिनींना एका बाजूला घ्यायचं आणि सगळं सांगायचं, म्हणजे खोली तरी वाचेल. राखेने हात घासून आले होते, तरी नखात काय राहिलं असेल ते देव जाणे.

मग आपण वारुळाला गेलो. तुम्ही पुढे होतात, आई माझ्याबरोबर मागे. तिने सहज विचारलं, तुझ्याकडे कसं चाललंय. मी म्हटलं, फार नाही जमलं. तर माझी समजूत घालायला म्हणून ती बोलली. ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "जीवाला लावून घिऊ नगं. तुला दिल्या त्या मागल्या दाराच्या वायल्या काढल्याल्या पिशव्या व्हत्या. वनमाला म्हनली, टाकून देन्यापरीस संगीताला धाडू, तिला काय कळतंय."

आईच्या मनात काही नव्हतं, वहिनी. तिला वाटलं मला बरं वाटेल.

तुम्ही २४ जूनला मला लिहिलं, हिरवट डाग आला तर घाबरू नका, चुन्याने जातो. २६ ऑगस्टला लिहिलं, एक ठिपका दिसला तरी पिशवी पुरायची, चुन्याने थांबत नाही, पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणजे जूनमध्ये तुम्हाला हे माहीत होतं. डाग येणार हेही माहीत होतं, म्हणून तर आधीच लिहून ठेवलंत. माझं घर कशावर टांगलंय ते मी तुम्हाला लिहिलं, ते तुम्ही वाचलंत आणि आईला वाचून दाखवलंत. तेव्हासुद्धा तुम्हाला वाटलं नाही की हिला खरं सांगावं. निदान एवढं कळवायचं होतं की ते गठ्ठे बाहेर काढ.

वारुळावरून परत आलो. दादांनी बादली सारली. तुम्ही हळदीची वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणालात, ताई, नीट दाबून उमटवा.

मी दाबून उमटवला. प्रत्येक गठ्ठ्यावर, पाची बोटं नीट उमटतील असा. मला बादली दिसत होती. मला सगळं कळत होतं. तुम्हाला वाटलं होतं ना, हिला काय कळतंय.

काल मुकादम येऊन बसला होता. यांनी मान हलवली. आता दिवाळी झाली की निघायचं.

संगीता


पाली, २० ऑक्टोबर २०२४

संगीताताई,

तुमचं पत्र चुलीत घातलं. दादांच्या हाती लागलं असतं तर त्यांना बहीणही राहिली नसती आणि बायकोही.

महिनाभर मी उत्तर लिहिलं नाही, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. आजही तुमच्यावरचा राग गेला नाही. कागदावर गोड बोलायचं मला जमत नाही.

सगळ्याच काही खराब म्हणून वायल्या काढलेल्या नव्हत्या. अर्ध्या चांगल्या होत्या. बाकीच्यांवर एखादा ठिपका होता. माझ्या खोलीत ठेवायची भीती वाटत होती आणि फेकायला जीव होत नव्हता. वाटलं, तुमच्या गोठ्यात बिघडायला दुसरं काही नाही. टिकल्या तर टिकल्या. आपल्या घरात तुमच्याकडे नेहमी असंच जातं, ताई. पाखडल्यावर खाली राहिलेली तूर, नेसून विटलेली साडी, मागच्या सालचं लोणचं. सासूबाईच बांधून देतात आणि तुम्हीही हसून नेता. मी काही नवीन केलं नाही. त्या पिशव्यांवर तुमचं वर्ष अवलंबून आहे हे मला जुलैत कळलं आणि तेव्हा सांगायला जीभ रेटली नाही. पण मी तुमच्या वाईटावर नव्हते. तुम्ही मात्र बघून-सवरून हात लावलात. दोन्हींत फरक आहे. तो तुम्हाला मान्य नसेल तर नसू दे.

आता कामाचं लिहिते. नवी खोली रिकामी आहे. चुन्याने दोनदा धुतली, फॉर्मॅलिन मारून कितीतरी दिवस बंद ठेवली. पुन्हा मशरूम घालायची मला हिंमत होत नाही. दादांनी तिथे खाट टाकलीय. संस्कृतीला इकडे पाठवा. पालीच्या शाळेत नाव घालू, मी स्वतः जाऊन आलेय, हेडमास्तर हो म्हणाले. ऊसतोडीहून तुम्ही परत येईपर्यंत ती इथे राहील. हे मी तुमच्यासाठी करत नाही, पोरीसाठी करतेय.

भाऊबीजेला येणार असाल तर तेव्हाच तिला घेऊन या.

वनमाला


सिरसाळा, ७ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

भाऊबीजेला मी आले नाही. दादा इकडे आले हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्यापुढे पाटावर बसले, ओवाळून घेतलं, साडी दिली. नवी होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मग हळदवाल्याला कसं धारेवर धरलं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी म्हटलं, हो दादा, हळदच खराब असणार. त्यांच्याइतकं साधं मला यापुढे कुणी भेटणार नाही, आणि त्यांना आपण दोघींनी मिळून फसवलंय.

तुमचं पत्र वाचून आधी मला हसूच आलं. आधी टाकायच्या पिशव्या, आता टाकलेली खोली. म्हटलं, वहिनी माझ्याकडे उरलंसुरलंच पाठवणार, त्यांच्या हाताला तेवढंच वळण आहे. नको म्हणून कळवायचं ठरवलं. सासूबाईंनाही पोरगी आमच्याबरोबर पाठवायचीच होती. त्या म्हणतात, तुम्ही दोघं फडात गेल्यावर कोपीत भाकरी थापायला कुणीतरी लागेलच की. पाचटाच्या त्या झोपडीत मी लग्नानंतर किती हिवाळे काढलेत. तिथे आठवीतली पोर एकटी बसवून फडात जायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तरी मी ठरवलं होतं, तुमच्या दारात नाही पाठवायची. चूल पेटवेल, भाकरी जळतील, पण तुमचं घ्यायला नको.

मग काल संध्याकाळी मी कोयत्याला धार लावून घेत होते. संस्कृती येऊन शेजारी बसली. तिला आपल्यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी मामी म्हणजे पंचमीला झोका बांधणारी. ती म्हणाली, "आई, मला मामीकडं धाड. मला लई शिकायचंय. तू कावून न्हाई म्हनतीस ते तरी सांग."

काय सांगू? तुझ्या मामीने मला सडकं दिलं आणि मी ते तिला परत केलं, म्हणून तू भाकऱ्या थाप?

तर तिला पाठवतेय. हे पत्र घेऊन ती बिभीषणभाऊंच्या टेम्पोत बसून येतेय. उद्या आमची गाडी निघेल. मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुम्हीही मला केलेलं नाही, हे मला कळतं. पुढच्या पंचमीला मी येईन की नाही ते आज सांगत नाही.

तिला दारात हात धुवायला लावा. दादा काही म्हणाले तरी लावा. तिची नखं मी कापून दिलीत आणि अंगावरचे कपडे उकळून वाळवलेत. तुम्ही उजेडात धरून, उलटून पालटून बघा. एक डाग सापडायचा नाही.

ही वायली काढलेली नाही, वहिनी. माझ्याकडे चांगलं म्हणून एवढंच होतं, ते तुम्हाला पाठवतेय.

संगीता